१७ सप्टेंबर : झेंडा शासनाचा, आठवण कोणाची?

१/
उर्वरित महाराष्ट्रात वर्षातून तीनदा शासकीय ध्वजारोहण होते : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मराठवाड्यात ते चार वेळा होते. चौथा दिवस १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी या भूमीवर स्वातंत्र्य उगवले, म्हणून हा दिवस. तो कसा साजरा होतो, आणि कसा साजरा व्हायला हवा, याविषयीचा हा धागा.

२/
छत्रपती संभाजीनगरात या दिवशीचा मुख्य सोहळा सिद्धार्थ उद्यानातील मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभापाशी होतो. मुख्यमंत्री येतात, पुष्पचक्र वाहतात, पोलिसांची मानवंदना होते, ध्वज फडकतो, भाषण होते. आठही जिल्ह्यांच्या ठिकाणी असेच सोहळे होतात. शाळा-महाविद्यालयांत प्रभातफेरी आणि भाषणे होतात. दुपार होईपर्यंत सारे आटोपलेले असते.

३/
आता प्रश्न घरांचा. दिवाळीला काय करायचे, पोळ्याला काय करायचे, हे मराठवाड्यातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. १७ सप्टेंबरला घरात काय करायचे, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. दिवसाला व्यासपीठ आहे, उंबरठा नाही. जो स्मृतिदिन उंबरठा ओलांडून आत येत नाही, तो ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक असेल त्याचा होतो. या धाग्याचे म्हणणे एवढेच आहे.

४/
आधी थोडी पार्श्वभूमी. १९४७ साली हैदराबाद हे देशातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख. सोळा जिल्हे : आठ तेलुगू भाषकांचे, पाच मराठी भाषकांचे, तीन कन्नड भाषकांचे. मराठी जिल्हे म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. प्रजा बहुसंख्य हिंदू, सत्ताधीश मीर उस्मान अली खान हे सातवे निजाम. इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहू, ही त्यांची भूमिका होती.

५/
आज जे ध्वजारोहण शिरस्ता म्हणून होते, ते तेव्हा गुन्हा होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' दिन पाळला. १५ ऑगस्टला संस्थानात तिरंगा फडकवण्याचा निर्धार केला, आणि स्वामीजींना अटक झाली. गावोगावी झेंडा लावणाऱ्यांच्या वाट्याला लाठी आणि तुरुंग आला. १७ सप्टेंबरला दोरी ओढली जाते तेव्हा ही गोष्ट सांगितली गेली, तर त्या दोरीला वजन येईल.

६/
हा लढा नेत्यांपुरता नव्हता. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थी उतरले होते. कित्येकांचे शिक्षण तुटले. पुढे शेतकऱ्यांनी लेव्हीचे धान्य देण्यास नकार दिला, करोडगिरीची नाकी उखडली, सरकारला महसूल देणारी शिंदीची झाडे तोडली. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रियाही शस्त्र घेऊन उभ्या राहिल्या.

७/
नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. तो कागदावरच राहिला. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी गावे जाळली, लुटली, माणसे मारली. सरहद्दीपलीकडे, मुंबई प्रांतात आणि वऱ्हाडात, निर्वासितांचे तांडे आणि सत्याग्रहींचे कॅम्प उभे राहिले. याच काळात शोएबुल्ला खान या तरुण संपादकाने 'इमरोज' या उर्दू दैनिकातून भारतात विलीन होण्याची बाजू निर्भयपणे मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत त्यांची हत्या केली. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागेल.

८/
१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. या मोहिमेचे सांकेतिक नाव 'ऑपरेशन पोलो'. सरकारी भाषेत तिला 'पोलीस कारवाई' म्हटले गेले, जरी तीत रणगाडे आणि विमाने होती. मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आला. औरंगाबादच्या दिशेने स्वतंत्र तुकड्या आल्या, आणि १७ तारीख उजाडण्याआधीच हे शहर शरण आले. १७ ला निजामांनी शरणागती जाहीर केली. १८ ला त्यांचे सेनापती एल्‌ एद्रूस यांनी चौधुरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली.

९/
इतिहासाचा एक विरोधाभास येथेच नोंदवायला हवा. ज्यांच्या सत्तेविरुद्ध लोक तुरुंगात गेले, तेच निजाम २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत राहिले. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे १७ सप्टेंबर हा एका क्षणी सारे पालटून टाकणारा दिवस नव्हता. एका लांब प्रवासातील तो मोठा मुक्काम होता. त्या दिवशी सैन्य जिंकले. पण त्याआधीची दहा वर्षे लोक लढत होते.

१०/
येथे जरा दूर, रशियाकडे पाहू. लष्करी विजयाचा दिवस लोक कसा पाळतात, याचा सर्वांत बोलका नमुना तेथे आहे. ९ मे हा नाझी जर्मनीवरील विजयाचा दिवस. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. तरीही १९४८ पासून १९६५ पर्यंत ९ मे ही सुटी नव्हती. तो कामाचा दिवस होता. १९६५ साली, विजयाच्या विसाव्या वर्षी, ब्रेझनेव्ह यांच्या राजवटीत ती सुटी परत आली आणि लाल चौकात संचलन झाले.

११/
मधल्या सतरा वर्षांत दिवस मेला नाही, कारण तो घरांत होता. आघाडीवरून आलेली पत्रे, भिंतीवरचे छायाचित्र, पदकांची डबी, मेजाभोवती न परतलेल्यासाठी शांतपणे उचललेला पेला : एवढ्यावर तो जगला. १९६५ पासून दूरचित्रवाणीवर मौनाचा क्षण पाळला जाऊ लागला, आणि लक्षावधी घरे एकाच वेळी स्तब्ध होऊ लागली. शासनाने सुटी दिली हे खरे. पण सुटीत भरायचा आशय घरांपाशी आधीपासूनच होता.

१२/
२०१२ साली सैबेरियातील तोम्स्क या शहरात एका स्थानिक वाहिनीच्या तिघा पत्रकारांनी एक साधी कल्पना मांडली. ९ मे रोजी प्रत्येकाने युद्धात लढलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांचे, आजी-पणजीचे छायाचित्र हाती धरून चालावे. नेते नकोत, पक्षांची निशाणे नकोत, जाहिराती नकोत. नाव ठेवले 'अमर पलटण'. हजारो लोक चालले. काही वर्षांतच ही प्रथा देशभर पसरली. रणगाड्यांच्या रांगेपेक्षा चेहऱ्यांची ही रांग अधिक लांब होती.

१३/
मग जे व्हायचे ते झाले. २०१५ च्या आरंभी त्या पत्रकारांच्या वाहिनीचे नेहमीचे प्रक्षेपण थांबले. त्याच वर्षी ९ मे रोजी खुद्द राष्ट्राध्यक्ष पुतिन वडिलांचे छायाचित्र घेऊन मॉस्कोतील मिरवणुकीच्या अग्रभागी चालले. लोकांची पलटण शासनाच्या पंखाखाली गेली. युक्रेनवरील आक्रमणानंतर विजयदिनाची सारी प्रतीके, त्यात नारिंगी-काळी सेंट जॉर्ज फीतही, चालू युद्धाच्या प्रचारास जुंपली गेली. आणि २०२३ साली सुरक्षेचे कारण देऊन ही मिरवणूकच रद्द झाली. संचलन मात्र झाले.

१४/
या कथेतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली : स्मृतिदिन जिवंत राहतो तो नावांनी आणि चेहऱ्यांनी. स्तंभ, तोफा आणि भाषणे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. दुसरी : घराघरांतून उभी राहिलेली आठवणसुद्धा शासन उचलून नेऊ शकते, आणि मग तीत फक्त विजय उरतो, दुःख उरत नाही. शोकाची जागा गर्जना घेते. मराठवाड्याने पहिली गोष्ट अजून केलेली नाही, आणि दुसरीचा धोका दारात आहे.

१५/
मराठवाड्यात हुतात्म्यांची नावे आहेत, पण ती पाट्यांवर आहेत. वसमतच्या महाविद्यालयास हुतात्मा बहिर्जी यांचे नाव आहे, हिमायतनगरच्या महाविद्यालयास हुतात्मा जयवंतराव पाटील यांचे. नांदेडच्या विद्यापीठास स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे, आणि त्याची स्थापनाही मुद्दाम १७ सप्टेंबरला, १९९४ साली झाली. परंतु गुणपत्रिकेवर ते नाव वर्षानुवर्षे वाचणाऱ्या किती विद्यार्थ्यांना तो माणूस कोण, कोठला, कसा गेला हे सांगता येईल? नाव पाटीवर चढले की ते पत्ता होते. त्याला पुन्हा माणूस करणे हे स्मृतिदिनाचे काम.

१६/
या दिवसाचा आणखी एक चेहरा आहे : मागण्यांचा. १७ सप्टेंबर जवळ आला की सिंचन, रेल्वे, रोजगार आणि अनुशेष यांची चर्चा पेटते. अमृतमहोत्सवी वर्षाच्या सांगतेस १६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक याच शहरात झाली आणि हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. हा चेहरा खोटा नाही. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला वचने दिली गेली होती, आणि मुक्तिसंग्रामाचे सेनानी गोविंदभाई श्रॉफ यांनीच पुढे विकासाचा लढा आयुष्यभर चालवला. त्यांच्या लेखी दोन्ही लढे एकच होते. मात्र आज घोषणांचा आवाज इतका मोठा झाला आहे की ज्यांच्या नावाने त्या होतात त्यांची नावेच ऐकू येत नाहीत.

१७/
दिवस घरांचा नसला की त्याचे नावही सत्तेनुसार बदलते. हीच तारीख महाराष्ट्रात 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' आहे. कर्नाटकात ती 'कल्याण कर्नाटक उत्सव दिन' झाली. केंद्र सरकार 'हैदराबाद मुक्ती दिन' पाळते. तेलंगणात एका सरकारने तिला 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटले, तर पुढच्या सरकारने 'प्रजापालन दिनोत्सव'. एकाच पहाटेला इतकी नावे, आणि प्रत्येक नावामागे एक राजकीय गणित. ज्या आजीने त्या वर्षी पोरे काखेत घेऊन सरहद्द ओलांडली, तिला विचारले असते तर तिने कोणते नाव दिले असते?

१८/
आता सर्वांत अवघड भाग. शरणागतीनंतर संस्थानात, विशेषतः उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत, मुसलमानांच्या हत्या आणि लूट झाली. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्यासह तिघांची समिती पाठवली. पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. हा अहवाल अनेक दशके प्रकाशात आला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीत अभ्यासकांना पाहण्यास खुला झाला. त्याच अहवालात असेही नोंदले आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकरबांधवांचे रक्षण केले, प्रसंगी स्वतःचे प्राण देऊन.

१९/
'मग हे उकरून कशाला काढायचे?' असा आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. रझाकारांनी ज्यांची घरे जाळली त्यांच्या नातवंडांना वाटते की हे सांगितले तर आपल्या आजोबांच्या दुःखास उणेपणा येईल. पण तसे होत नाही. रझाकारांचा जुलूम खरा होता. त्याविरुद्धचा लढा न्याय्य होता. सैन्याने केलेली कारवाई अटळ झाली होती. आणि त्यानंतर निरपराधांवर जे झाले तेही खरे होते. ही चारही वाक्ये एका श्वासात म्हणता येत नसतील, तर उणीव इतिहासात नाही, सांगणाऱ्याच्या छातीत आहे.

२०/
याचे आजच्या शहराशी थेट नाते आहे. छत्रपती संभाजीनगरात सर्व धर्मांची माणसे दाटीने राहतात. निवडणुका आल्या की 'रझाकार' हा शब्द शिवीसारखा शेजाऱ्यावर फेकला जातो, जणू प्रत्येक मुसलमान घर तेव्हा निजामाच्या बाजूस होते. येथे शोएबुल्ला खान यांचे नाव लागते. भारतासाठी लिहिले म्हणून रझाकारांनी ज्याला मारले, तो पत्रकार मुसलमान होता आणि उर्दूत लिहीत होता. मुक्तिसंग्राम हा एका धर्माचा दुसऱ्या धर्माविरुद्धचा लढा असता, तर त्याचे मरण समजूच शकले नसते. तो लढा जुलमी सत्तेविरुद्ध प्रजेचा होता. स्वामीजींनी तो तसाच लढवला.

२१/
वेळ मात्र थोडा उरला आहे. १९४८ साली जो सतरा वर्षांचा होता तो आज नव्वदी ओलांडून गेला आहे. लढलेले बहुतेक गेले. ज्यांनी लहानपणी पाहिले, पळाले, लपले, ते उरले आहेत. अनंत भालेराव यांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ लिहून आणि नरहर कुरुंदकर यांनी आपल्या विवेचनातून पायाभूत काम करून ठेवले आहे. पण ग्रंथात नेते येतात. रात्री भाकरी बांधून कॅम्पवर पोहोचवणारी बाई आणि शेजाऱ्याला बळदात लपवणारा शेतकरी ग्रंथात क्वचितच येतात. ते फक्त घरच्या बोलण्यात असतात, आणि बोलणारे उठून चालले आहेत.

२२/
करण्यासारखे काय आहे? फार काही नको. प्रत्येक शाळेने १७ सप्टेंबरपूर्वी मुलांना एकच गृहपाठ द्यावा : घरातील किंवा गल्लीतील सर्वांत वृद्ध माणसाला १९४८ विषयी विचारून एक पान लिहून आणा. हिंदू घरातील, मुसलमान घरातील, दलित वस्तीतील, तांड्यावरील, सर्वांची पाने एका वहीत शिवावीत. ध्वजारोहणाच्या दिवशी भाषणाआधी त्यातील तीन पाने वाचावीत. स्मृतिस्तंभापाशी ज्यांच्या घरी छायाचित्र आहे त्यांनी ते घेऊन यावे. नाही त्यांनी पाटीवर नाव लिहून आणावे. कोणत्याही पक्षाचा झेंडा त्या रांगेत नसावा. यासाठी शासकीय आदेशाची गरज नाही, आणि आदेशाची वाट न पाहणेच बरे.

२३/
आणि त्या वहीत सर्व तऱ्हेची पाने असू द्यावीत. रझाकारांच्या भीतीने घर सोडलेल्याचे पान, आणि पोलीस कारवाईनंतर बाप गमावलेल्याचे पान, शेजारी शेजारी. तोम्स्कच्या तिघांना जे राखता आले नाही, ते राखण्याचा हाच एक उपाय दिसतो : स्मृती इतकी खरी आणि इतकी विविध असावी की कोणत्याही एका भाषणात ती मावूच नये. जी आठवण एका घोषणेत बसते ती कोणीही पळवून नेतो. हजार घरांत विखुरलेली, परस्परांशी अडखळत बोलणारी आठवण सहजासहजी पळवता येत नाही.

२४/
पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी या भागात तिरंगा लावण्यासाठी छाती लागत होती. आज झेंडा लावायला छाती लागत नाही. त्या झेंड्याखाली पूर्ण खरे बोलायला लागते. १७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा चौथा ध्वजदिन म्हणून राहील की घराघराचा स्मृतिदिन होईल, हे मुख्यमंत्री कोण येतात यावर ठरणार नाही. त्या संध्याकाळी किती घरांत एखादी आजी बोलती होते, आणि तिच्यापुढे मोबाइल बाजूला ठेवून ऐकणारे कोणी बसलेले असते का, यावर ते ठरेल.